वाढीव वेळ परीक्षेत मिळतो. उरलेल्या सत्राचे काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अंमलात आल्यानंतर उच्च शिक्षणातील परीक्षाव्यवस्थेत महत्त्वाचा बदल घडून आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार मान्य होते. नव्या कायद्याने ही संख्या २१ वर नेली असून त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र परीक्षार्थीला दर तासामागे किमान २० मिनिटे, म्हणजे ३ तासांच्या प्रश्नपत्रिकेसाठी १ तास अधिक दिला जातो. मात्र यांपैकी अनेक विद्यार्थ्यांची घसरण परीक्षेपूर्वीच्या चार-पाच महिन्यांत सुरू झालेली असते आणि त्या काळासाठी बहुतेक महाविद्यालयांत कोणतीही ठोस तरतूद आढळत नाही.

या घसरणीच्या मुळाशी असते ती मेंदूची कार्यकारी क्षमता. कामाचे नियोजन करणे, ते वेळेवर सुरू करणे, हाती घेतलेली माहिती मनात धरून ठेवणे, मोह आवरणे आणि परिस्थिती बदलताच मार्ग बदलणे ही तिची कार्ये होत. क्रियाशील स्मृती, आत्मनियंत्रण आणि विचारांची लवचीकता हे तिचे तीन मुख्य घटक मानसशास्त्रात मानले जातात. बुद्धिमत्तेहून ही बाब वेगळी आहे. विषय उत्तम समजलेला विद्यार्थीही प्रकल्पाचे पहिले पान लिहायला बसू शकत नाही, असे घडू शकते.

मेंदूची जडणघडण वेगळी असलेल्या, म्हणजेच न्यूरोडायव्हर्जंट विद्यार्थ्यांमध्ये ही अडचण निरनिराळ्या रूपांत दिसते. एडीएचडी, अर्थात अवधानातील अस्थिरता व अतिचंचलता असलेल्यांना वेळेचा अंदाज येत नाही; पंधरा दिवसांनंतरची मुदत त्यांना उद्यावर येईपर्यंत जाणवतच नाही. स्वमग्न विद्यार्थ्याला अचानक बदललेले वेळापत्रक विस्कटून टाकते. डिस्लेक्सिया असलेल्याची बरीच शक्ती वाचनातच खर्च होते आणि नियोजनासाठी थोडीच उरते. शिक्षकांना आणि पालकांना मात्र या सर्वांत आळस किंवा बेफिकिरी दिसते.

शाळेत ही उणीव बहुधा झाकली जाते. ठरलेली घंटा, रोज तपासली जाणारी वही, शिकवणीवर्ग आणि घरी सतत आठवण करून देणारी आई ही सारी बाहेरून उसनी मिळालेली कार्यकारी क्षमताच असते. बारावीनंतर विद्यार्थी परगावच्या वसतिगृहात दाखल होतो आणि हे आधार एकाच महिन्यात गळून पडतात. त्यामुळे उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात उपस्थिती, प्रात्यक्षिकांची जर्नले आणि अंतर्गत मूल्यमापन यांत मागे पडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर हा भार आणखी वाढला आहे. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात मुख्य व दुय्यम विषयांची निवड, श्रेयांकांची जुळवाजुळव, सततचे मूल्यमापन, प्रकल्प आणि आंतरवासिता यांना स्थान मिळाले. एका वार्षिक परीक्षेवर सारे अवलंबून न राहणे हे स्वागतार्हच आहे. परंतु अनेक लहान मुदती सांभाळणे हेच ज्याला सर्वाधिक कठीण, त्याच्यासाठी ही लवचीकता नवा अडसर ठरू शकते.

कायद्याचा आधारही सर्वांना सारखा मिळत नाही. अधिनियमाच्या अनुसूचीत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील ५ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. तथापि, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिकाची सुविधा ४० टक्क्यांच्या अटीत बांधता येणार नाही, असा निर्णय दिला. वाजवी सोयीसुविधा प्रत्येक व्यक्तीच्या गरजेनुसार ठरवाव्या लागतात, हे त्यामागील तत्त्व आहे. ते परीक्षागृहाच्या दारापाशीच थांबावे, असे मानण्यास आधार दिसत नाही.

ही कौशल्ये कशी घडतात, याबाबत संशोधनाने काही दिशा दाखवली आहे. स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या संगणकीय खेळांचा लाभ प्रामुख्याने त्या खेळापुरता आणि तत्सम चाचण्यांपुरता राहतो. अभ्यासात तो फारसा उतरत नाही. याउलट, मनावरचा भार बाहेर मांडणाऱ्या साध्या पद्धती अधिक उपयोगी पडतात. सर्व मुदती एकाच दिनदर्शिकेत नोंदवणे, अंतिम तारखेपासून उलट मोजत कामाचे टप्पे पाडणे, घड्याळ लावून वीस-पंचवीस मिनिटे काम करणे आणि कोणाच्या तरी सोबतीने अभ्यासाला बसणे या त्यांपैकी काही होत. ‘अभ्यास करीन’ या संकल्पापेक्षा ‘जेवण झाले की ग्रंथालयात जाऊन पहिला परिच्छेद लिहीन’ असा स्थळकाळाशी बांधलेला संकल्प अधिक वेळा तडीस जातो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एडीएचडी असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी गटसत्रे आणि वैयक्तिक मार्गदर्शन यांची सांगड घालणारा कार्यक्रम राबवण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहभागी विद्यार्थ्यांची लक्षणे कमी झाली आणि कार्यकारी क्षमता सुधारली. कौशल्य शिकवणे आणि ते रुजेपर्यंत कोणीतरी पाठीशी असणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र होत्या. औषधोपचाराची गरज आहे किंवा नाही, हे मनोविकारतज्ज्ञाने ठरवायचे असते. पण औषधाने लक्ष स्थिरावले तरी नियोजन आपोआप येत नाही.

प्रौढ विद्यार्थ्यांना किती काळ हात धरून चालवायचे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अगदीच गैरलागू नाही. मात्र इमारत उभी राहीपर्यंत परांची लागते आणि नंतर ती उतरवली जाते, तसेच येथेही अपेक्षित आहे. पहिल्या सत्रात दर आठवड्याला होणारी भेट तिसऱ्या सत्रात महिन्यावर नेता येते. शिवाय यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. सत्राच्या प्रारंभीच सर्व मुदती लेखी देणे, मोठ्या प्रकल्पाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्पा तपासणे, वेळापत्रकातील बदल आगाऊ कळवणे आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमणे एवढ्याने सुरुवात होऊ शकते. या उपायांसाठी प्रमाणपत्र मागण्याचेही कारण नाही. त्यामुळे निदानच न झालेल्या विद्यार्थ्यालाही त्यांचा लाभ मिळेल आणि इतरांचेही काही बिघडणार नाही.

प्रवेशाचे दार कायद्याने उघडले आहे. आत आलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो की दुसऱ्या सत्रानंतर गुपचूप घरी परततो, हे मात्र महाविद्यालयाच्या रोजच्या कारभारावर ठरणार आहे. विद्यापीठांनी समान संधी कक्षांचे काम परीक्षेच्या अर्जांपलीकडे नेले, तर वाढीव एक तास वापरण्याइतकी तयारी करून हे विद्यार्थी परीक्षागृहात पोहोचू शकतील.