चालण्याच्या चाचणीतले तीस मीटर

दीर्घकालीन फुप्फुसविकाराच्या रुग्णात चालण्या-फिरण्याची किती ताकद उरली आहे, हे स्पायरोमेट्रीवरून नेमके कळत नाही. एफईव्ही-वन सारखाच असलेल्या सीओपीडीच्या दोन रुग्णांपैकी एक बाजारहाट करून येतो, तर दुसऱ्याला न्हाणीघरापर्यंत जातानाच धाप लागते. मांडीचे स्नायू, हृदय, रक्तातला ऑक्सिजन, दम लागण्याची भीती या साऱ्यांचा परिणाम चालण्यात एकत्र उतरतो. चालण्याच्या चाचणीचे मोल त्यामुळेच आहे.

केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील जवानांच्या क्षमतेसाठी बारा मिनिटे धावण्याची चाचणी मांडली. मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये क्रॉनिक ब्राँकायटिसच्या रुग्णांसाठी तिला चालण्याचे रूप दिले. पुढे १९८२ मध्ये बटलँड यांच्या गटाने दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी चांगले जुळले आणि हळूहळू सहा मिनिटे रूढ झाली. २००४ मधल्या बोड निर्देशांकाने या अंतराला रोगाच्या भवितव्याशी जोडले: ३५० मीटर किंवा अधिक चालणाऱ्याला शून्य गुण, १४९ मीटर किंवा कमी चालणाऱ्याला तीन.

या चाचणीला महागडे यंत्र लागत नाही, आणि नेमक्या याच कारणाने ती निष्काळजीपणे होते. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटी यांच्या २०१४ च्या संयुक्त मानकानुसार, रुग्णात खरोखर फरक पडला असे म्हणण्यासाठी अंतर सुमारे ३० मीटरने बदलावे लागते. आता पद्धतीतल्या चुका याच मापाने तपासाव्यात. पहिल्यापेक्षा दुसऱ्या खेपेला रुग्ण केवळ सरावाने सरासरी २६ मीटर जास्त चालतो. गायट यांनी १९८४ मध्ये दाखवले, की नुसत्या प्रोत्साहनाने अंतर सुमारे ३० मीटरने वाढते. ३० मीटरऐवजी १० मीटरच्या मार्गावर चाचणी घेतली, तर वारंवार वळावे लागल्याने सीओपीडीच्या रुग्णाचे अंतर सुमारे ५० मीटरने घटते. म्हणजे यांतली एकेक त्रुटी औषधाच्या किंवा पुनर्वसनाच्या परिणामाएवढी मोठी आहे. पुनर्वसनापूर्वी एकदा आणि नंतर एकदा चालवून ‘३५ मीटर सुधारणा’ असे लिहिणारा अहवाल रुग्णाची प्रगती सांगतो की सराव, हे कोणालाच ठरवता येणार नाही.

म्हणून बदल मोजायचा असेल तेव्हा दोन चाचण्या घ्याव्यात, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी आणि जास्त भरलेले अंतर नोंदवावे. वेळ नाही ही सबब गर्दीच्या ओपीडीत खरी असली, तरी दुसरी चाचणी हा चाचणीचाच भाग आहे. ट्रेडमिलवरचे अंतर कॉरिडॉरमधल्या अंतराच्या जागी धरू नये. सूचनाही ठरलेली हवी: ‘सहा मिनिटांत जमेल तेवढं जास्तीत जास्त अंतर चाला.’ ‘भरभर चाला’ म्हटले की चाचणीच बदलते. दर मिनिटाला म्हणायची वाक्ये प्रत्येक विभागाने मराठीत एकदाच ठरवून भिंतीवर लावावीत. ‘छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत’ एवढे पुरे. चाचणी कोणीही घेतली, तरी शब्द आणि आवाजाचा सूर तोच राहिला पाहिजे. रुग्ण थांबला तरी घड्याळ चालू राहते. परीक्षकाने त्याच्या बरोबरीने चालू नये, नाहीतर वेग परीक्षकाचा होतो. पायात काय होते, काठी किंवा वॉकर होता का, ऑक्सिजन किती लिटरने चालू होता आणि सिलिंडर कोणी ओढला, हे लिहून ठेवावे. पुढच्या खेपेला सारे तसेच असावे.

अंतराइतकेच लक्ष ऑक्सिमीटरकडे हवे. नोंद सबंध चालताना होत राहावी, कारण सर्वांत खालची पातळी बहुधा मध्येच येते आणि फक्त सुरुवात व शेवट पाहणाऱ्याच्या हातून ती निसटते. फुप्फुसांच्या फायब्रोसिसमध्ये ही घसरण रोगाच्या भवितव्याविषयी अंतराहूनही अधिक बोलू शकते. पातळी ८० टक्क्यांखाली गेल्यास रुग्णाला थांबवावे आणि ती ८५ टक्क्यांवर आल्यास पुन्हा चालू द्यावे. धाप आणि पायांचा थकवा बोर्ग मापनावर आधी आणि नंतर विचारावा.

जिथे ३० मीटरचा मोकळा कॉरिडॉरच नाही, तिथे सहा मिनिटांची चाचणी आखूड मार्गावर कोंबण्यापेक्षा शटल वॉक अधिक योग्य. सॅली सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या या चाचणीला १० मीटरच लागतात. ध्वनिफितीवरच्या इशाऱ्याबरोबर रुग्ण दोन शंकूंमध्ये ये-जा करतो, आणि वेग दर मिनिटाला वाढत बारा पातळ्यांपर्यंत जातो. दम लागून थांबावे लागले किंवा इशारा होईपर्यंत शंकू गाठता आला नाही, की चाचणी संपते. इथे वेग बाहेरून ठरतो, त्यामुळे रुग्ण आपल्या कमाल क्षमतेच्या जवळ पोहोचतो. हृदयविकाराची शंका असलेल्याला म्हणूनच आधी नीट तपासावे. सरावाचा परिणाम याही चाचणीत दिसतो, तेव्हा तीही दोनदा घ्यावी. कमाल क्षमतेच्या सुमारे ८५ टक्के ताण पडेल अशा एकाच वेगाने किती वेळ चालता येते, हे मोजणारी एन्ड्युरन्स शटल वॉक याच मार्गावर घेता येते आणि पुनर्वसनानंतरचा बदल टिपण्यात ती विशेष तरबेज आहे.