पाच मार्कांच्या नोटेवरची बेटिना

युरो येण्यापूर्वी जर्मनीत मार्क हे चलन होतं. १९९० साली तिथे नव्या नोटा निघू लागल्या, तेव्हा त्यातल्या सर्वांत लहान, म्हणजे पाच मार्कांच्या नोटेवर एका बाईचा चेहरा आला. बेटिना फॉन आर्निम. लेखिका, चित्रकार, गाण्यांना चाली लावणारी, आणि बर्लिनमध्ये जिच्या दिवाणखान्यात कवी, प्राध्यापक आणि क्रांतीची भाषा बोलणारे तरुण जमायचे, ती यजमानीण. गंमत म्हणजे या सन्मानाआधी सुमारे दीडशे वर्षं, त्याच बर्लिनमध्ये, याच बाईला तुरुंगवासाची शिक्षा फर्मावण्यात आली होती!

बेटिनाचा जन्म ४ एप्रिल १७८५चा. माहेर फ्रँकफुर्टचं, इटालियन वंशाच्या ब्रेन्टानो या व्यापारी घराण्यातलं. आई-वडील लवकर गेले. काही काळ ती आजीकडे वाढली. आजी सोफी फॉन ला रोश ही त्या काळची नावाजलेली कादंबरीकार. भाऊ क्लेमेन्स कवी. अशा घरातली पोर लिहिणार नाही तर काय! पण तिने लिहायला घेतलं ते मात्र फार उशिरा.

आधी तिला वेड लागलं ते गटेचं. कालिदासाच्या शाकुंतलावर लुब्ध झालेला जर्मन महाकवी म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच हा गटे. तरुणपणी त्याचं मन बेटिनाच्या आईवर जडलं होतं, हे तिला आजीकडच्या जुन्या पत्रांतून कळलं. मग १८०६ साली ती फ्रँकफुर्टमध्येच राहणाऱ्या गटेच्या पंच्याहत्तरीच्या आईकडे जाऊन बसू लागली. म्हातारी लेकाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, बेटिना त्या मनात साठवून ठेवायची. पुढे गटे आत्मचरित्र लिहायला बसला, तेव्हा आई हयात नव्हती आणि त्याला स्वतःच्याच बालपणाच्या गोष्टी बेटिनाकडे मागाव्या लागल्या.

१८०७ साली ती वायमारला जाऊन त्याला भेटली. ती बावीस वर्षांची, तो सत्तावन्नचा. पत्रव्यवहार सुरू झाला. पण चारच वर्षांनी एका चित्रप्रदर्शनात बेटिनाचं गटेच्या बायकोशी चारचौघांत कडाक्याचं भांडण झालं. गटेने बायकोची बाजू घेतली आणि बेटिनाला घराचं दार बंद झालं. त्याने दुसरं काय करायला हवं होतं, असं कोणत्याही गृहिणीला वाटेल!

त्याच वर्षी, म्हणजे १८११ मध्ये, तिचं लग्न झालं होतं. नवरा आखिम फॉन आर्निम हा भाऊ क्लेमेन्सचा जिवलग मित्र. दोघांनी मिळून जर्मन लोकगीतांचा मोठा संग्रह काढला होता. सात मुलं झाली. मुलांची नावंही कवीच्या घरात शोभतील अशीच, फ्रायमुंड, झीगमुंड, फ्रीडमुंड, क्यूनेमुंड. ग्रिम बंधूंनी १८१२ साली परीकथांचं पहिलं पुस्तक छापलं, ते बेटिनाला, तिच्या तान्ह्या फ्रायमुंडसाठी अर्पण केलं आहे. पण आखिमची शेतीवाडी बर्लिनपासून दूर वीपर्सडोर्फ गावी. तो तिकडे, ती मुलांना घेऊन शहरात, पैशांची ओढाताण कायमची. वीस वर्षं संसार हा असा गेला.

१८३१ साली आखिम अचानक वारला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. घरंदाज बायका शहर सोडत असताना बेटिना गरिबांच्या वस्तीत औषधं आणि कपडे घेऊन फिरत होती. तिथे जे दिसलं ते तिच्या डोक्यातून पुढे कधीच गेलं नाही.

१८३५ साली, वयाच्या पन्नाशीत, तिचं पहिलं पुस्तक आलं. विषय अर्थातच गटेशी झालेला पत्रव्यवहार. सोबत तिने स्वतः रेखाटलेलं गटेच्या स्मारकाचं चित्र. पुस्तक गाजलं. त्याची कमाई त्या स्मारकालाच द्यायची होती. पुढे एका शिल्पकाराने तिच्या आराखड्यावरून संगमरवरी पुतळा घडवलाही. पण १९२०च्या दशकात मूळ पत्रं छापली गेली आणि कळलं, की बाईंनी पत्रांत बरीच भर घातली होती, काही तर नव्याने रचली होती. विद्वानांनी तिला खोटारडी ठरवलं. खरं तर ती पत्रांची कादंबरीच होती, तशी म्हणून छापली असती तर कुणाची तक्रार नव्हती.

खरी हिंमत मात्र पुढच्या एका पुस्तकात दिसते. १८४३ साली तिने ‘हे पुस्तक राजाचं’ अशा नावाचं पुस्तक काढलं. प्रशियाच्या राजाने अर्पणपत्रिका आधीच मान्य केलेली, त्यामुळे सेन्सॉरला हात लावणं अवघड! राजाला खडे बोल सुनावायला तिने तोंड वापरलं ते गटेच्या म्हाताऱ्या आईचं. शेवटी एक पुरवणी जोडली. बर्लिनच्या वेशीबाहेरच्या फोग्टलांड या वस्तीत चारशे खोल्यांत अडीच हजार माणसं कोंबलेली होती. एका तरुण स्विस शिक्षकाने तिथे खोली-खोलीत जाऊन कुणाची कमाई किती, भाडं किती, उधारी किती, याच्या नोंदी केल्या होत्या. त्या तिने जशाच्या तशा छापल्या.

त्यानंतर तिने देशभरातल्या गरिबीची माहिती गोळा करायला घेतली. सायलेशिया प्रांतातून हातमाग विणकरांच्या याद्या आल्या. जून १८४४ मध्ये त्याच विणकरांनी उठाव केला, सैन्याने गोळ्या घातल्या. गृहमंत्र्यांनी खापर बेटिनावर फोडलं. तिने छापायला घातलेलं पुस्तक थांबवलं.

दिवाणखाना मात्र थांबला नाही. एकाच घरात दोन बैठका भरायच्या. मुलींकडे सरदार आणि दरबारी मंडळी, आईकडे बंडखोर. मुलांना आईच्या या उद्योगांचा संकोच वाटायचा. १८४६ साली तिने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, तर नगरपालिका म्हणाली, धंदा करायचा तर आधी शहराचं नागरिकत्व विकत घ्या. बाईंनी असं खोचक उत्तर धाडलं, की अधिकाऱ्यांचा अपमान झाला. १८४७ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली, ती ही. मेहुणे सावित्नी हे सरकारात कायद्याचे मंत्री; त्यांनी मध्यस्थी केली म्हणून तुरुंगाचं दार पाहावं लागलं नाही.

२० जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये तिचा मृत्यू झाला. वीपर्सडोर्फला नवऱ्याशेजारी तिला पुरलं. विणकरांच्या याद्या तिच्या कागदपत्रांत तशाच राहिल्या, कुटुंबाचं नाव, मुलं किती, कर्ज किती. त्या छापून आल्या १९६०च्या दशकात.