बिनपगारी उमेदवारी

इंग्रजी अमदानीत सरकारी कचेरीच्या पडवीत 'उमेदवार' नावाचा एक मनुष्य हटकून बसलेला असे. तो नकला करी, दप्तरे बांधी, शिरस्तेदाराचे निरोप पोहोचवी, आणि महिनाअखेर रिकाम्या हातांनी घरी जाई. आज ना उद्या एखादी जागा मोकळी होईल ही उमेद, हाच त्याचा पगार! पुढे हा शब्द निवडणुकीच्या बाजारात गेला, आणि तो जुना मनुष्य नामशेष झाला अशी आपली समजूत झाली. ती खोटी आहे. अभियांत्रिकीच्या व माहिती-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या रूपाने तो पुन्हा अवतरला आहे. आता त्यास 'इंटर्न' म्हणतात, एवढेच. जुना उमेदवार निदान आपखुशीने पडवीत बसे. नव्या उमेदवारास अभ्यासक्रम तेथे नेऊन बसवतो.

आमचा आक्षेप इंटर्नशिपवर नाही, हे प्रथमच सांगून ठेवणे बरे. पोहण्याची विद्या पाण्यात उतरल्यावाचून येत नाही आणि यंत्राची विद्या यंत्राजवळ उभे राहिल्यावाचून येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंटर्नशिपला स्थान दिले आणि तिच्यासाठी सहाशे ते सातशे तासांचे माप ठरवले, ते योग्यच केले. आमचा प्रश्न निराळा आहे. या सातशे तासांचा खर्च कोणी सोसावयाचा? त्यांत जे काम होते त्याचा लाभ कंपनीस. त्या सत्राचे शुल्क महाविद्यालयास. आणि खर्च मात्र मुलाच्या बापास! हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो, ते आम्हास कोणी समजावून सांगेल काय?

राधानगरी तालुक्यातील एखाद्या खेड्यातला मुलगा घ्या. बाप सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो. उसाचे बिल येईल तेव्हा घरातील देणी भागतात. मुलगा कोल्हापुरास राहून संगणकशास्त्र शिकला. शेवटच्या सत्रात त्यास सांगण्यात येते की, आता सहा महिने कंपनीत जा. कंपनी कोठे? पुण्यास, हिंजवडीस. म्हणजे घरापासून पावणेतीनशे किलोमीटरांवर. तेथे खोलीची अनामत, भाडे, खाणावळ, बसभाडे, हे सर्व मोजून झाल्यावर कंपनीच्या पत्रातील शेवटची ओळ वाचावयाची: विद्यावेतन नाही. ज्या मुलाच्या मामाचे घर कोथरुडास आहे, त्यास ही ओळ दिसतही नाही. ज्याचे कोणी नाही, त्यास तिच्यापुढे काही दिसत नाही. तो मग काय करतो? शुल्क भरून घरबसल्या प्रमाणपत्र देणारी दुकाने निघाली आहेत, त्यांतल्या एकाचे दार ठोठावतो. चार आठवड्यांत प्रमाणपत्र येते, गुण पडतात, आणि विद्या होती तेथेच राहते. परीक्षेत दोघेही उत्तीर्ण. पण एकाने काम पाहिले आणि दुसऱ्याने कागद विकत घेतला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत हाच भेद 'गुणवत्ता' या नावाने मिरवतो.

या व्यवस्थेचे कैवारी तीन सबबी सांगतात. पहिली अशी की, शिकाऊ मुलाचा कारखान्यास उपयोग नसतो; उलट तो खोळंबाच करतो. असे असेल तर ज्या कंपन्या दर सहा महिन्यांनी नवी तुकडी मागवतात त्या मोठ्या दानशूरच म्हटल्या पाहिजेत! वस्तुस्थिती अशी आहे की, प्रणालीतील दोष शोधणे, माहिती भरणे, जुनी आज्ञावली दुरुस्त करणे, ही कामे याच मुलांकडून होतात. काम झाले असेल तर मोल द्या. झाले नसेल तर शिकवले काय ते सांगा. दोन्ही नसेल तर मुलाचे सहा महिने कोठे गेले याचा हिशेब द्या.

दुसरी सबब कायद्याची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधरही आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरले, आणि राष्ट्रीय योजनेखाली किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. मग तक्रार कसली, असे विचारले जाते. तक्रार हीच की, या अधिनियमाखाली करार झालेल्या 'शिकाऊ उमेदवारा'स पैसे द्यावे लागतात आणि महाविद्यालयाचे पत्र घेऊन आलेल्या 'इंटर्ना'स द्यावे लागत नाहीत. काम तेच, खुर्ची तीच. नाव बदलले की मोल शून्य! केंद्र सरकारने २०२४ साली पंतप्रधान इंटर्नशिप योजना काढून महिना ५,००० रुपयांची तरतूद केली खरी. पण पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तिची दारे बंद ठेवली. म्हणजे ज्यास इंटर्नशिपची सक्ती आहे, तोच योजनेच्या बाहेर!

तिसरी सबब नीतीची आहे, म्हणून तिचा विशेष राग येतो. 'आम्हीही कष्टानेच शिकलो. गुरुगृही शिष्याने लाकडे फोडलीच पाहिजेत,' असे म्हणणारे वडीलधारे प्रत्येक घरात आहेत. त्यांस आमची विनंती अशी की, गुरुगृही शिष्यास दोन वेळा जेवण आणि निजावयास जागा मिळे, हे विसरू नका. आणि आधुनिक उदाहरणच हवे असेल तर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे घ्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली ते अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उतरले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. कोवळ्या वयात त्यांस खानदेशात पाण्याच्या सायफनचे खरेखुरे काम सोपवण्यात आले. चुकले असते तर जाब विचारला गेला असता, आणि पगार मिळत होताच. परक्या सरकारासही जे कळत होते, ते स्वकीयांच्या कंपन्यांस कळू नये काय?

राधानगरीच्या मुलाची अडचण बुद्धीची नाही, राहण्याची आहे. आणि ही अडचण ओळखणारा पुरुष याच भूमीवर होऊन गेला. गावाची शाळा चांगली असली, शुल्क माफ असले, तरी शहरात डोके टेकावयास जागा नसेल तर खेड्यातला मुलगा शिकू शकत नाही, हे राजर्षी शाहू महाराजांनी जाणले, आणि १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची माळ उभी राहिली. त्याच शाहू महाराजांच्या कोल्हापुरातून शेतकऱ्याचा मुलगा आज बिनपगारी उमेदवारीसाठी परगावी पाठवला जातो, आणि तो कोठे राहील हे कोणी विचारीत नाही.

उपाय अवघड नाही. ज्या इंटर्नशिपला गुण द्यावयाचे, तिला विद्यावेतन हवेच, असा नियम विद्यापीठांनी करावा. लहान कारखान्यास ते झेपत नसेल, तर त्या सत्रात वर्ग न घेताही शुल्क घेणाऱ्या महाविद्यालयाने त्यातला वाटा मुलास परत द्यावा. प्रत्येक मुलामागे एक जबाबदार अभियंता नेमलेला असावा, आणि अखेरीस प्रमाणपत्र नव्हे, तर केलेले काम तपासले जावे. शिवाय काम शोधण्यास दर वेळी पुण्याची वाट धरावयास पाहिजे असेही नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत फाउंड्र्या आहेत. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. दूध संघ आहेत. आणि राधानगरीस तर साक्षात धरण व वीजघर आहे. तेथील पाण्याची पातळी, पावसाचे आकडे, विसर्गाचे वेळापत्रक यांची नीट मांडणी करणे हे संगणकाच्या विद्यार्थ्यास शोभेल असेच काम आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांस या आकड्यांची किंमत सांगावयास नको.

शाहू महाराजांनी आरंभिलेले ते धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. १९२२ साली ते निवर्तले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीनंतर काम पुढे सिद्धीस गेले. त्या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी ठरलेल्या पातळीस पोहोचले की ते आपोआप उघडतात. पाण्यास कोणाची ओळख लागत नाही, शिफारस लागत नाही, पुण्यास मामा लागत नाही. चार वर्षे शिकून त्या पातळीस पोहोचलेल्या मुलासाठी मात्र आपण दरवाजापाशी पहारेकरी बसवला आहे, आणि तो विचारतो: सहा महिन्यांचे भाडे आहे काय? हा पहारेकरी उठवल्यावाचून गुणवत्तेच्या गोष्टी बोलण्याचा अधिकार आपणांस नाही.