विश्लेषण : न वाचलेला कागद धंद्याला किती महाग पडतो?

बँक खाते बदलल्याचा एक ई-मेल आणि दरमहा येणारे वीजबिल. लहान कारखानदाराला या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध वाटत नाही. पण दोन्हीकडून पैसा जातो तो एकाच कारणाने: आलेला कागद कोणी नीट वाचत नाही.

जळगाव-धुळे महामार्गावरचे, अंजनीकाठचे एरंडोल हे एके काळी कागदाचे गाव होते. इथे बनणाऱ्या जाड देशी कागदाची आणि इथल्या कापूस, धान्याच्या व्यापाराची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये सापडते. कागदाचा धंदा गेला, कापूस राहिला. आता कोटेशन, बिल, पावती, नोटीस सारे मोबाइलवर येते. हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या उभ्या असताना आलेला मेल उघडला जातो, वरवर पाहिला जातो आणि पैसे पाठवले जातात. चोराला नेमकी हीच घाई हवी असते.

ई-मेलमधून पैसे कसे जातात?

समजा, एरंडोलच्या एका जिनिंगवाल्याने अहमदाबादहून यंत्राचे सुटे भाग मागवले. बिल चार लाखांचे. पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी मेल येतो, ‘आमच्या जुन्या खात्याचे ऑडिट सुरू आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी.’ बिल क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, पुरवठादाराचे नाव आणि शिक्काही बरोबर. कारण भामटा दोघांपैकी एकाच्या मेलबॉक्समध्ये शिरून आठवडाभर पत्रव्यवहार वाचत बसलेला असतो. चुकीची असते फक्त एक ओळ: खाते क्रमांक. आठ दिवसांनी पुरवठादाराचा फोन येतो, ‘शेठ, पेमेंट कधी करताय?’ तेव्हा उलगडा होतो.

मोठ्या कंपन्या तरी सुटतात का?

नाही. २०१५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने सौदी अरेबियातील अरामकोला नाफ्था पाठवला. त्याचे सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्याकडे वळवले गेल्याची तक्रार मुंबईत नोंदवली गेली. बनावट ई-मेल पत्त्यात ‘ओएनजीसी’ऐवजी ‘ओजीएनसी’ होते. दोन अक्षरांची अदलाबदल, बाकी सारे जसेच्या तसे. जिथे पगारी लेखाधिकाऱ्यांची फळी असते तिथे हे घडते, तर जिथे मालकच खरेदी, विक्री आणि बँक सांभाळतो तिथे का घडणार नाही? म्हणून फसलेल्याला भोळा म्हणून हसण्यात अर्थ नाही. दोष त्याच्या बुद्धीचा नसून कामाच्या सवयीचा आहे.

बँक नाव तपासत नाही का?

अनेकांचा असाच समज असतो. प्रत्यक्षात एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. नाव एक आणि खाते दुसऱ्याचे असले तरी रक्कम जात असे. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना खातेदाराचे नाव आधी दाखवणारी सोय देण्यास सांगितले. ही सोय वापरावीच. पण खरा उपाय त्याहून जुना आहे. खाते बदलल्याचा निरोप आला की आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरवर फोन लावायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

‘आज रात्री वीज तोडणार’ हा मेसेज खरा असतो का?

‘मागील बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा खंडित होईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ असा मेसेज अनेकांना आला आहे. फोन केला की एक ॲप उतरवायला सांगतात आणि मोबाइलचा पडदा समोरच्याच्या हाती जातो. वैयक्तिक मोबाइल नंबरवरून असे मेसेज आपण पाठवत नाही, असे महावितरणने वारंवार सांगितले आहे. शिवाय वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ज्याला हा नियम आणि आपले शेवटचे बिल कधी भरले हे ठाऊक आहे, त्याला या मेसेजची भीती वाटत नाही.

खऱ्या वीजबिलात काय वाचायचे?

बहुतेक जण एकूण रक्कम आणि शेवटची तारीख पाहतात. पैसा मात्र मधल्या ओळींत असतो.

पहिली ओळ पॉवर फॅक्टरची. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येते. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल, तर १०० युनिटांच्या कामासाठी सुमारे ११८ युनिटांचे पैसे मोजावे लागतात. तो ०.९८ असेल, तर १०२ चे. मधला फरक म्हणजे बहुधा एखादा बंद पडलेला कपॅसिटर.

दुसरी ओळ मंजूर मागणीची. गरजेपेक्षा जास्त मागणी मंजूर करून ठेवली, तर यंत्रे थांबलेल्या महिन्यांतही मागणी आकार बसतो. हंगामी उद्योगांसाठी वेगळी वर्गवारी आहे, म्हणून बिलावर छापलेली वर्गवारीही तपासावी.

तिसरी ओळ वेळेची. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ या काळात उद्योगांना सवलत मिळे, म्हणून कित्येकांनी रात्रपाळी लावली. सौर वीज वाढल्यावर ही सवलत रात्रीकडून दिवसाकडे सरकू लागली. आयोगाच्या आदेशांनुसार वेळा आणि दर बदलतात, म्हणून ताज्या बिलावरचे तास पाहूनच पाळी ठरवावी. जुन्या सवयीने रात्र जागणाऱ्याला झोपही नाही आणि सवलतही नाही, असे होऊ शकते.

यात व्यवसायाचे धोरण कुठे आले?

धोरण म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बैठकीतला विषय, असा एक गैरसमज आहे. साधा हिशेब करून पाहावा. शंभर रुपयांच्या विक्रीवर पाच रुपये सुटत असतील, तर फसवणुकीत गेलेले चार लाख भरून काढायला ८० लाखांचा जादा माल विकावा लागतो. उलट वीजबिलात महिन्याला दहा हजार वाचले, तर ती दर महिन्याला दोन लाखांचा माल जास्त विकल्याइतकी कमाई. जळगावच्या बाजारातला भाव आणि पाऊस कोणाच्या हाती नाही. हे दोन कागद मात्र हातात आहेत. जे हातात आहे ते आधी घट्ट धरायचे, यालाच धोरण म्हणतात.

फसवणूक झालीच तर?

लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेला लेखी कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली गेली, तरच परत मिळण्याची आशा असते. इथे दिवस नव्हे, तास मोजले जातात.

बँकांनी आणि पोलिसांनी आपले काम करायलाच हवे. पण पैसे पाठवणारे बोट मालकाचे किंवा त्याच्या मुनिमाचे असते. मोठी रक्कम एकाने भरायची आणि दुसऱ्याने तपासूनच सोडायची, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास बिल घेऊन बसायचे. या दोन नियमांना ना कर्ज लागते ना सल्लागार. पूर्वी पेढीवर दिवेलागणीनंतर रोजमेळ जुळल्याशिवाय वही मिटत नसे. मोबाइल आला म्हणून ती शिस्त मोडीत काढण्याचे काही कारण नाही.