हिऱ्याचा शोध आणि जंगलाचे मोल

गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख अबुल फझलच्या 'ऐन-इ-अकबरी'त आढळतो. त्या काळी हिऱ्याचा शोध दैवाच्या हवाली असे. आज उपग्रह त्या कामी आले आहेत. हिरे भूगर्भातून वर आणणाऱ्या किंबरलाइट खडकाची नळकांडी बहुधा भूकवचातील भेगांच्या आसपास सापडतात. या भेगांच्या रेषा, खडक कुजून बनलेली माती आणि तिच्यावरील झाडोऱ्यातील फरक उपग्रहाच्या प्रतिमांत टिपता येतात. १९८८ साली आयआरएस-१ए अंतराळात गेल्यापासून हे साधन आपल्या हाती आहे, ही अभिमानाचीच गोष्ट होय.

परंतु उपग्रह जागा सुचवितो, हिरा दाखवीत नाही. ही नळकांडी अनेकदा काही हेक्टरांपुरतीच असतात आणि बहुतेकांत किफायतशीर हिरे नसतात. ओढ्याचा गाळ तपासणे आणि जमिनीत छिद्रे घेणे म्हणूनच चुकत नाही.

खरा प्रश्न उद्भवतो तो हिरे सापडल्यावर. मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यात, बक्सवाहाच्या जंगलात, सुमारे ३.४ कोटी कॅरट हिरे असल्याचा अंदाज आहे. २०१९ साली ३६४ हेक्टरांच्या खाणीचा लिलाव झाला. दोन लाखांहून अधिक झाडे तोडावी लागणार, हे कळताच जनतेत असंतोष उसळला. परिसरातील प्राचीन शैलचित्रांचा प्रश्नही पुढे आला आणि २०२१ साली उच्च न्यायालयाने उत्खननास स्थगिती दिली.

संपत्ती निघून जाते, माणसे मागे राहतात. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिच्या कामगारांना थकलेली देणी मिळाली ती २०२३ साली. परदेशीपुऱ्यासारख्या गिरणगावातील वस्त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. आपल्या गोव्यातही २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा ट्रकमालकांपासून बार्जवाल्यांपर्यंत किती चुली थंडावल्या, हे आपण पाहिले आहे. खाणी चालू असताना शेते नि विहिरी गमावलेल्यांचे नुकसान तर वेगळेच.

ज्या प्रतिमांवरून खनिज शोधले जाते, त्याच प्रतिमांत दाट वन, झरे, शेते नि वस्त्याही स्पष्ट दिसतात. तेव्हा लिलावापूर्वी हा संपूर्ण नकाशा ग्रामसभेपुढे लोकभाषेत मांडणे सरकारवर बंधनकारक व्हावयास हवे. भूगर्भातील हिरा कोट्यवधी वर्षे थांबला आहे. लोकांचे म्हणणे ऐकेपर्यंत तो आणखी काही काळ थांबल्याने राष्ट्राचे काहीही बिघडणार नाही.