मुंबई–न्यूयॉर्क सोळा तास, पण परभणीहून किती?

मुलगा-मुलगी अमेरिकेत असलेले आई-वडील तपासणीला येतात आणि सांगतात, "डॉक्टर, डायरेक्ट फ्लाइट आहे, सोळा तासांत न्यूयॉर्क." माझ्या मते हा हिशोबच अपुरा आहे. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि थेट विमानाला साधारण १६ तास लागतात हे खरे. पण तुमचा प्रवास मुंबईला सुरू होत नाही, तो परभणीत घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो. गाडी करून जालन्याहून समृद्धीने गेलात तरी आठ-नऊ तास बैठक. मग विमानतळावर तीन तास. म्हणजे विमान हलण्याआधीच पाय अर्धा दिवस लटकलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका, एकूण प्रमाण सहा हजारांत एक इतके कमी आहे. पण हा धोका फक्त विमानाचा नाही. बस, कार, रेल्वे, सगळ्यांचा आहे, आणि लागोपाठच्या प्रवासांत तो वाढत जातो. आधी गुठळी झालेली असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा वजन फार जास्त असेल, तर तुमचे गणित वेगळे. म्हणून मी गाडीपेक्षा रात्रीच्या रेल्वेचा बर्थ बरा म्हणतो. निदान आडवे होता येते, डब्यात चालता येते. शक्य असेल तर एक रात्र मुंबईत नातेवाइकांकडे काढा.

"मग मध्ये थांबणारे विमान घेऊ का?" दुबईमार्गे गेलात तर पहिला टप्पा जेमतेम तीन तासांचा आणि दुसरा चौदाच्या आसपास. पायांना फार फायदा नाही. लंडनमार्गे प्रवास जवळपास निम्मा-निम्मा होतो.

व्हीलचेअरचेही तसेच. आपल्याकडे ती गुडघ्यांपेक्षा इंग्रजीच्या भीतीने जास्त मागितली जाते. मागा, त्यात लाज नाही. पण गेटजवळ पोचल्यावर उठा आणि चाला. विमानात तास-दीड तासाने पोटऱ्या हलवा, पाणी प्या. झोपेची गोळी नको, कारण त्या गुंगीत माणूस तासन्तास एकाच अंगाने पडून राहतो. ॲस्पिरिनही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नका.

केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तितकी विरळ असते. दमा, फुप्फुसाचा जुना आजार, हृदयविकार किंवा रक्त कमी असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी दाखवावे. तीन दिवस आधी येऊन "फिट आहे असं लिहून द्या" म्हणणाऱ्यांना मी सही देत नाही, मग राग आला तरी चालेल.

मधुमेहींसाठी एवढेच: इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानाच्या डब्यात ते गोठू शकते. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. तुमचा तो दिवस तेवढा लांबतो, म्हणून मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. डोस कसा बदलायचा ते प्रत्येकाचे वेगळे असते. तिकिटाची प्रत घेऊन या, वेळा बघून कागदावर लिहून देतो.