युरियाची गोणी आणि कालव्याची पाळी

कोलाड परिसरातील उन्हाळी भातशेती कुंडलिकेच्या पाण्यावर उभी आहे. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडविले जाते व कालव्यांवाटे रोहा-माणगावच्या शेतांत पोहोचते. त्याच भिऱ्यात मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. तो आकडा अपवादात्मक मानला, तरी त्यातील इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पाणी उशिरा सुटले की लावणी लांबते आणि कोवळ्या रोपांना ऐन उन्हाला तोंड द्यावे लागते. रोप पिवळे पडले की शेतकरी युरिया फेकतो. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. पण ते सारे रोपाला मिळतेच असे नाही. उष्णतेत युरियाचे अमोनियम झपाट्याने होते व तापलेल्या पाण्यातून त्याचा बराच अंश अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. चिखलात भाताला अमोनियम मानवते. मात्र ते पचविण्यास साखर लागते आणि उन्हात रोपाची साखर श्वसनातच अधिक खर्ची पडते. अशा वेळी एकदम दिलेली मोठी मात्रा कोवळ्या मुळांना अपायकारकच ठरते. पाळी चुकून खाचर सुकले, तर अमोनियमचे नायट्रेट होते; पुन्हा पाणी भरताच तेही वायुरूप होऊन निसटते.

यावरील उपाय कोकणाला अपरिचित नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात आणि युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्यभागी खोल खोचतात. चिखलाआड राहिलेले नत्र रोपाला सावकाश मिळत राहते. या कामाला मजूर अधिक लागतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच गोळ्या वेळेवर गावात मिळणे व त्या खोचण्याची साधी अवजारे उपलब्ध होणे अगत्याचे आहे.

परंतु पाण्याच्या शाश्वतीविना हे सारे व्यर्थ होय. पाटबंधारे खात्याने कालव्यांची दुरुस्ती पावसाळा सरताच आटोपून, पेरणीपूर्वीच पाळ्यांचे वेळापत्रक जाहीर केले पाहिजे व ते पाळलेही पाहिजे. कृषिखात्याने खताचा सल्ला त्या वेळापत्रकाशी जोडून द्यावा. खतावरील अनुदान सरकारी तिजोरीतून जाते; ते वाफ होऊन आकाशात विरावे, हे शेतकऱ्याला आणि करदात्यालाही परवडणारे नाही.